लष्करी अळीचा पतंग : एका नावामागील अनेक जीवांची ओळख

भाद्रपद संपत आला, भात निसवले, लोंब्यांत दाणा भरू लागला, की शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या गावांतून एक शब्द कानी येऊ लागतो : 'लष्करी'. संध्याकाळी उभे असलेले खाचर सकाळी पाहावे तर लोंब्या कापून चिखलात पडलेल्या असतात आणि कापणारा कोठे दिसत नाही. आपल्या विद्यालयातील बहुसंख्य मुलामुलींच्या घरी वर्षाचे एकच मोठे पीक येते आणि ते भाताचे असते. आवणापासून खळ्यापर्यंत सारे घर त्यासाठी राबते. म्हणून या अळीचा अभ्यास हा पाठ्यपुस्तकातील एक धडा एवढाच राहत नाही. तो घरच्या कणगीशी जोडलेला विषय आहे.

या अभ्यासातील पहिली अडचण नावाचीच आहे. आपल्या भागात 'लष्करी अळी' या एका नावाने किमान तीन निरनिराळ्या पतंगांच्या अळ्या ओळखल्या जातात. एक आवणातील कोवळी रोपे खाते, दुसरी पिकत आलेल्या लोंब्या कापते आणि तिसरी मक्याच्या पोंग्यात शिरते. तिघींचा काळ वेगळा, राहण्याची जागा वेगळी आणि म्हणून उपायही वेगळा. दुकानात जाऊन केवळ 'लष्करीचे औषध द्या' एवढेच म्हटले, तर मक्यावरील अळीसाठी आणलेले औषध भातावर, तेही भलत्या वेळी फवारले जाण्याचा संभव असतो. त्यात पैसा जातो, फवारणाऱ्याच्या अंगात विष जाते आणि लोंब्या मात्र वाचत नाहीत. हे टाळावयाचे तर आधी ओळख पक्की हवी. ती कशी करावी, हे माजी विद्यार्थी, पालक व ग्रामस्थ यांच्यासमोर क्रमाने मांडण्याचा आमचा येथे प्रयत्न आहे.

१. पतंग आणि अळी

ज्याला आपण बोलीत पाखरू म्हणतो आणि जी शेतात अळी म्हणून दिसते, ती दोन्ही एकाच जीवाची रूपे आहेत. अंडे, अळी, कोष आणि पतंग अशा चार अवस्थांतून हा जीव जातो. पतंग व फुलपाखरे हे दोन्ही खवलेपंखी कीटक होत. पंख बोटाने चोळला असता जी भुकटी लागते ती या बारीक खवल्यांची. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते. पतंगाच्या मिशा दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या असतात. जगात फुलपाखरांच्या सुमारे अठरा हजार जाती ज्ञात आहेत, तर पतंगांच्या दीड लाखांहून अधिक. भारतातच पतंगांच्या दहा हजारांहून अधिक जाती आढळतात. दिव्यावर येणारी तपकिरी पाखरे आपल्याला सारखीच वाटतात याचे एक कारण ही प्रचंड संख्या आहे.

पिकाचे नुकसान अळी करते, पतंग नव्हे. पतंगाला चावण्याचे जबडे नसतात. त्याच्या तोंडाशी घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली सोंड असते आणि तिने तो फुलांतील मध किंवा गोड रस शोषतो. मग पतंग ओळखण्याचा उपयोग काय, असा प्रश्न कोणी विचारील. उपयोग असा, की पतंग पुढे येणाऱ्या अळीची वर्दी देतो. आज घातलेली अंडी चार-पाच दिवसांत फुटतात आणि त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी अळ्या मोठ्या होऊन खरे नुकसान सुरू होते. तेव्हा दिव्यावर आलेला पतंग अचूक ओळखणाऱ्या शेतकऱ्याला दोन-तीन आठवड्यांची उसंत मिळते. अळी मोठी झाल्यावर ओळखणाऱ्याला तितके दिवसही मिळत नाहीत.

२. लोंब्या कापणाऱ्या अळीचा पतंग

आपल्या भागातील पिकत्या भातावरची लष्करी अळी ज्या पतंगाची असते, त्याचे शास्त्रीय नाव मिथिम्ना सेपरेटा. फ्रान्सिस वॉकर या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये त्याचे वर्णन केले. हा पतंग भारत, चीन, जपान, आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेला आहे. चीनमध्ये तो ऋतुमानाप्रमाणे दक्षिणेकडून उत्तरेकडे आणि पुन्हा दक्षिणेकडे शेकडो कोसांचा प्रवास वाऱ्याच्या साहाय्याने करतो, हे तेथील अभ्यासकांनी पतंगांवर खुणा करून सोडून सिद्ध केले आहे.

पंख पसरले असता हा पतंग साधारण चार सेंटिमीटर रुंद भरतो. पुढील पंखांचा रंग वाळलेल्या पेंढ्यासारखा, कधी किंचित तांबूस, कधी राखाडी झाक असलेला. पंखाच्या मध्यभागी फिकट पिवळसर, अस्पष्ट कडांचे दोन गोलसर डाग दिसतात. त्यांपैकी बाहेरच्या डागाच्या खालच्या टोकाशी एक अगदी बारीक, स्वच्छ पांढरा ठिपका असतो. तांदळाच्या कणीचा तुकडा चिकटला आहे असे वाटावे इतका लहान. पंखाच्या टोकापासून एक तिरपी काळसर रेषा आत उतरते. मागील पंख धुरकट राखाडी असून कडेकडे अधिक गडद होत जातात. हे मागील पंख बसलेल्या पतंगात दिसत नाहीत, कारण पुढचे पंख घराच्या छपरासारखे त्यांवर झाकलेले असतात. ओळखीसाठी मात्र तेच फार महत्त्वाचे असल्याने पतंग पंख हलवील तेव्हा ते पाहून घ्यावेत.

या वर्णनातून तीन खुणा लक्षात ठेवाव्यात : पेंढ्याच्या रंगाचा साधा पुढील पंख, त्यातील बारीक पांढरा ठिपका आणि धुरकट मागील पंख. तिन्ही एकत्र दिसल्या तरच नाव घ्यावे. एकटा पांढरा ठिपका पुरेसा नाही, कारण नातलगांतही तो सापडतो.

३. जवळचे नातलग

मिथिम्ना सेपरेटाचे सर्वांत जवळचे नातलग गवतवर्गीय वनस्पतींवरच जगतात आणि आपल्याकडे त्याच दिव्यावर येतात. त्यांतील दोन ध्यानात ठेवण्यासारखे आहेत.

पहिला मिथिम्ना लोरेई. याचाही पुढील पंख पेंढ्याच्या रंगाचा असून त्यावर पांढरा ठिपका असतो. पण त्या ठिपक्याजवळून पंखाच्या मध्यशिरेलगत एक काळसर रेघ लांबवर जाते. मोठा फरक मागील पंखांत आहे. लोरेईचे मागील पंख मोत्यासारखे पांढरे व जवळजवळ पारदर्शक असतात आणि त्यांतील शिरा तपकिरी दिसतात. म्हणजे पुढील पंख पाहून संशय आला, तर निर्णय मागील पंखावरून करावा : धुरकट असेल तर सेपरेटा, मोतिया पांढरा असेल तर लोरेई.

दुसरा ल्युकेनिया व्हेनाल्बा. हाही भातावर येणारा, पण थोडा लहान व फिकट पतंग आहे. त्याच्या पुढील पंखाच्या मध्यशिरेवर पांढरी रेघ स्पष्ट उमटलेली असते. सेपरेटामध्ये अशी ठळक पांढरी रेघ नसते.

या कुळातील सारखेपणाने शास्त्रज्ञांनाही दीर्घकाळ गोंधळात टाकले होते. भारतातील शेतीकिडींवरील जुन्या इंग्रजी ग्रंथांतून आपल्या या पतंगाला 'युनिपंक्टा' हे नाव दिलेले आढळते. युनिपंक्टा, म्हणजे एकठिपकी, हा वास्तविक अमेरिकेतील लष्करी अळीचा पतंग. दोघांच्या पंखांवर तसाच पांढरा ठिपका असल्याने दोन्ही एकच मानले गेले. पुढे शरीररचनेची बारकाईने तपासणी झाल्यावर आशियातील पतंग वेगळा ठरला आणि वॉकरने दिलेले सेपरेटा हे नाव त्याला कायम झाले. त्या लॅटिन शब्दाचा अर्थ 'वेगळा केलेला' असाच आहे. जे प्रयोगशाळेतील तज्ज्ञांना एका दृष्टिक्षेपात उमगले नाही, ते आपल्यालाही उमगणार नाही, हे मान्य करून पाहणे हाच येथे योग्य मार्ग होय. काही पतंगांची अंतिम खात्री तर शरीराच्या आतील भागाची तपासणी केल्याखेरीज होतच नाही. अशा वेळी 'मिथिम्ना गटातील पतंग' एवढेच म्हणून थांबणे हे अज्ञानाचे लक्षण नव्हे.

४. दूरचे नातलग : स्पोडोप्टेरा

लष्करी या नावाचा दुसरा मोठा हिस्सा स्पोडोप्टेरा या गटाकडे जातो. हा गट मिथिम्नाच्याच नॉक्ट्युइडी कुळातला. पण रूप निराळे. आकारावरून मात्र दोन्ही गट वेगळे काढता येत नाहीत, कारण पंखविस्तार दोहोंतही तीन ते चार सेंटिमीटरच्या आसपासच भरतो. स्पोडोप्टेराचा पुढील पंख साधा पेंढ्यासारखा नसून गडद तपकिरी किंवा राखाडी असतो व त्यावर नक्षी असते. मागील पंख पांढरे, चमकदार, बारीक तपकिरी किनार असलेले. या गटातील तीन पतंग आपल्या उपयोगाचे आहेत.

स्पोडोप्टेरा मॉरिशिया हा आवणावरील लष्करी अळीचा पतंग. पुढील पंख राखाडी तपकिरी, त्यावर नागमोडी रेषा. नराच्या पुढच्या पायांवर केसांचे दाट झुबके असतात. हिची अळी जून-जुलैमध्ये, विशेषतः मुसळधार पावसानंतर, रोपवाटिकेत आणि नुकत्याच लावलेल्या खाचरांत येते. अळ्या झुंडीने एका खाचरातून दुसऱ्यात जातात आणि रोपे गुरांनी चरल्यासारखी दिसतात.

स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा हा मूळचा अमेरिकेतला. २०१६ मध्ये तो आफ्रिकेत आढळला आणि २०१८ च्या मे-जून महिन्यांत कर्नाटकातील शिवमोग्गा परिसरात मक्यावर त्याची पहिली नोंद झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात तो महाराष्ट्रात सोलापूर जिल्ह्यात दिसला आणि पुढच्या वर्षापर्यंत राज्यभर पसरला. वृत्तपत्रांतून 'अमेरिकन लष्करी अळी' हे नाव तेव्हापासून घरोघरी पोहोचले. आपल्या भागातील नावांचा गोंधळ वाढला तोही तेव्हापासूनच. कारण भातावर पूर्वापार येणारी लष्करी अळीही हीच, असा अनेकांचा समज झाला. या पतंगाच्या नराच्या पुढील पंखाच्या टोकाशी पांढरा त्रिकोणी डाग स्पष्ट दिसतो. मादी अधिक फिकट व साधी असते. आपल्या देशात ही अळी मुख्यतः मक्यावर येते.

स्पोडोप्टेरा लिट्युरा हा तिसरा. याच्या पुढील पंखावर मळकट पांढऱ्या रेषा एकमेकींना छेदत जातात, जणू कोणी घाईने खडूच्या रेघा मारल्या आहेत. हिची अळी एरंड, अळू, भुईमूग आणि अनेक भाजीपाल्यांची पाने खाते. भातानंतर भाजीपाला करणाऱ्यांना ती परिचित आहे. तिला लष्करी म्हणण्याचा प्रघात कमी असला, तरी दिव्यावर सर्वाधिक घोटाळा याच पतंगामुळे होतो, कारण तो वर्षभर दिसत राहतो.

थोडक्यात, दिव्याजवळ उभे राहून स्वतःला क्रमाने विचारावयाचे प्रश्न असे :

पहिला प्रश्न : पुढील पंख पेंढ्यासारखा साधा आहे की गडद व नक्षीदार? साधा असल्यास मिथिम्नाकडे वळावे, नक्षीदार असल्यास स्पोडोप्टेराकडे.

दुसरा प्रश्न, साध्या पंखासाठी : मागील पंख धुरकट की मोतिया? मध्यशिरेवर ठळक पांढरी रेघ आहे काय?

तिसरा प्रश्न, नक्षीदार पंखासाठी : टोकाशी पांढरा त्रिकोण आहे, एकमेकींना छेदणाऱ्या पांढऱ्या रेघा आहेत, की पुढच्या पायांवर केसांचे झुबके आहेत?

५. अळीवरून ओळख

शेतात बहुधा पतंगाऐवजी अळीच हाती लागते. येथेही रंगावर विसंबू नये. एकाच जातीच्या अळ्या विरळ असताना हिरवट आणि दाटीत वाढल्यास काळपट होतात, हे लष्करी अळ्यांचे वैशिष्ट्यच आहे. म्हणून खुणा डोक्यावर आणि शेपटाकडे शोधाव्यात.

मिथिम्ना सेपरेटाची पूर्ण वाढलेली अळी साडेतीन ते चार सेंटिमीटर लांब असते. अंगावर केस जवळजवळ नसतात. लांबीच्या दिशेने फिकट व गडद पट्टे असतात. डोके पिवळसर तपकिरी असून त्यावर जाळीसारखी नक्षी आणि वरून खाली येताना एकमेकींपासून दूर जाणाऱ्या दोन काळसर रेषा दिसतात.

फ्रुजिपर्डाच्या अळीच्या डोक्यावर उलट्या 'वाय' अक्षरासारखी पांढरी खूण असते. ही खूण प्रसिद्ध आहे, पण तशी फिकट रेष इतर अळ्यांतही दिसू शकते. खरी खात्री शेपटाकडील खुणेने होते : शेवटून दुसऱ्या खंडावर चार ठळक काळे ठिपके चौकोनात मांडलेले असतात. हा चौकोन नसेल तर ती अमेरिकन लष्करी अळी नव्हे.

मॉरिशियाच्या अळीच्या पाठीवर दोन्ही बाजूंना काळ्या कोरीसारख्या किंवा त्रिकोणी खुणांच्या रांगा असतात. लिट्युराच्या अळीत पोटाच्या पहिल्या व आठव्या खंडावरील काळे डाग इतरांहून मोठे दिसतात.

मुलांसाठी एक सूचना. वरील अळ्या केसाळ नाहीत आणि त्यांचा त्वचेला त्रास होत नाही. परंतु पावसाळ्यात झाडांवर दिसणाऱ्या केसाळ सुरवंटांना हात लावू नये. त्यांच्या केसांनी अंगाला आग व खाज सुटते. अळी उचलावयाची तर ती काडीने कागदावर घ्यावी.

६. खाचरातील साक्ष

अळी दिसली नाही तरी पिकावरील खूण बरेच सांगते. पिकत्या भातावरील लष्करी अळी दिवसा चुडाच्या बुडाशी, पाचोळ्याखाली किंवा जमिनीच्या भेगांत दडून बसते आणि अंधार पडल्यावर वर चढते. लोंबीचा देठ व फांद्या ती कुरतडते, म्हणून दाण्यांसकट लोंबीचे तुकडे खाली पडतात. जमिनीवर दाण्यासारखी बारीक हिरवी-काळी विष्ठा सापडते.

याच दिवसांत पिकाचे आणखी दोन प्रकारे नुकसान होते आणि त्यांचा दोष पुष्कळदा लष्करी अळीवर ढकलला जातो. पहिले उंदरांचे. उंदीर लोंबी न कापता बुडाशी ताटच तिरपे कापतो आणि जवळ बांधात त्याचे बीळ सापडते. दुसरे खोडकिड्याचे. त्याची अळी खोडाच्या आत राहते. लोंबी कापली जात नाही, ती उभीच राहते, पण पांढरी व पोचट. आपल्याकडे तिला पळींज म्हणतात आणि ती ओढली असता सहज उपसून येते. खोडकिड्याची मादी पतंगही ओळखीस सोपी : पिवळ्या रंगाची आणि प्रत्येक पुढील पंखावर एकच काळा ठिपका. पळींज दिसल्यावर लष्करी अळीसाठी फवारणी करणे म्हणजे घराच्या पुढच्या दाराला कुलूप लावून मागचे उघडे ठेवणे होय.

७. ओळखीनुसार उपाय

नाव निश्चित झाले, की उपाय त्याच्या स्वभावातून निघतो. मॉरिशियाची अळी रोपवाटिकेत असते. तेथे पाणी भरून ठेवले, की अळ्या रोपांच्या शेंड्यांकडे येतात किंवा पाण्यावर तरंगतात. मग बगळे, साळुंक्या आणि पाळलेली बदके त्यांना टिपतात. हाच उपाय लोंब्या पिकताना तितकासा चालत नाही, कारण तोवर कापणीसाठी खाचरातील पाणी सोडलेले असते आणि भेगा पडलेल्या जमिनीत अळीला लपण्यास जागा मिळते.

मिथिम्नाच्या अळीबाबत पहिले काम मोजणीचे. कामट्यांची एक मीटर लांब व एक मीटर रुंद चौकट करावी. ती खाचरात निरनिराळ्या ठिकाणी ठेवून, चूड बाजूला सारून, आतील अळ्या मोजाव्यात. चौरस मीटरला सरासरी चार-पाच अळ्यांपर्यंत संख्या गेली, तर उपाय आवश्यक मानतात. त्याखाली असल्यास लक्ष ठेवणे पुरे. बांधावरील गवत वेळेवर काढावे, कारण या पतंगाची मादी गवताच्या पानांच्या आवरणात व वाळक्या, गुंडाळलेल्या पानांत रांगेने अंडी घालते. पीक पक्व झाले असेल तर कापणी लांबवू नये; हळव्या भाताबाबत हाच सर्वांत बिनखर्चाचा उपाय ठरतो. फवारणी अपरिहार्य झालीच तर ती सायंकाळी करावी, कारण अळी तेव्हाच वर येते. भर दुपारची फवारणी पानांवर पडते आणि अळी खाली सुरक्षित राहते. औषध कोणते व किती, हे कृषी साहाय्यकाला किंवा कोकण कृषी विद्यापीठाच्या जवळच्या केंद्राला विचारूनच ठरवावे. भातासाठी कर्जत येथील संशोधन केंद्र आपल्याला जवळचे आहे. विचारताना अळीचे डोके, पाठ व शेपटाकडील भाग स्पष्ट दिसेल असे छायाचित्र सोबत दाखवावे.

येथे आणखी एका ओळखीची गरज आहे. खाचरात अळीजवळ किंवा पानावर कापसाच्या बोंडासारखा पांढरट पुंजका दिसतो. पुष्कळ जण तो अळीचीच अंडी समजून चिरडतात. प्रत्यक्षात ते एका बारीक गांधीलमाशीचे कोष असतात. ही माशी अळीच्या अंगात अंडी घालते, तिची पिल्ले अळीला आतून खाऊन बाहेर येतात आणि कोष विणतात. तिचे नाव कोटेशिया रूफिक्रस. न्यूझीलंडमध्ये हाच मिथिम्ना सेपरेटा मक्याचे व गवताचे मोठे नुकसान करीत असे. १९७० च्या दशकात पाकिस्तानातून ही माशी नेऊन तेथे सोडण्यात आली आणि उपद्रव पुष्कळ आटोक्यात आला. जो मित्र इतरांनी परदेशातून आणला, तो आपल्या बांधावर आधीच आहे. बेडूक, कोळी, कोतवाल पक्षी हेही त्याच पक्षातले. सरसकट फवारणीत प्रथम हेच मरतात.

८. जीव ओळखून जीव राखणे

पंचशीलातील पहिले शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे. शेतकरी कुटुंबातील मुले वर्गात आम्हांला विचारतात, 'मग अळी मारावी की नाही?' प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला उडवाउडवीचे उत्तर देता येत नाही. ज्याच्या घरी वर्षभराचे भात त्या खाचरात उभे आहे, त्याला ते वाचवावे लागणार. परंतु न पाहता, न ओळखता, जे हलते ते सारे मारणे आणि मोजून, ओळखून, गरजेपुरता उपाय करणे यांत मोठे अंतर आहे. पहिल्यात लोरेई, लिट्युरा, गांधीलमाशी, बेडूक सारेच मरतात; दुसऱ्यात बहुतेक वेळा मारण्याची वेळच येत नाही. भिक्खूंच्या वर्षावासाच्या प्रथेमागे एक कारण विनयग्रंथात सांगितले आहे : पावसाळ्यात चालताना कोवळे गवत आणि लहान जीव पायांखाली तुडवले जात, ही लोकांची तक्रार. आषाढ ते अश्विन हा तो काळ. आपल्या खाचरांतील पतंग व अळ्यांचाही नेमका तोच काळ आहे. लहान जीवांकडे लक्ष देण्याची ही परंपरा जुनी आहे आणि शेताच्या बांधावर तिचा उपयोग आजही आहे.

आणि करुणेला डोळे लागतात. ज्याला आपण ओळखतच नाही, त्याला वाचवणे व त्याच्यापासून स्वतःला वाचवणे, दोन्ही अशक्य असते. म्हणून विज्ञानाच्या तासात आम्ही मुलांना नाव सांगण्याआधी खूण दाखविण्यास सांगतो. 'ही लष्करी आहे' असे म्हणणाऱ्याने 'कशावरून?' या प्रश्नाचे उत्तर पंखावर किंवा डोक्यावर बोट ठेवून द्यावे, हा आमचा आग्रह असतो.

९. घरी करावयाचा अभ्यास

माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी मुलांसोबत पुढील अभ्यास एक पावसाळाभर करावा, अशी आमची विनंती आहे.

एक : आठवड्यातून एकदा, अंगणातील दिव्यामागे पांढरे धोतर किंवा चादर ताणून बांधावी आणि रात्री आठ ते दहा या वेळात त्यावर बसणारे पतंग पाहावेत. पौर्णिमेच्या चांदण्यात पतंग कमी येतात. अमावास्येच्या आसपास जास्त येतात. पाहून झाल्यावर दिवा मालवावा, म्हणजे ते आपापल्या वाटेने जातात.

दोन : वहीत तारीख, पाऊस, चंद्राची तिथी आणि पेंढ्याच्या रंगाच्या, पांढऱ्या ठिपक्याच्या पतंगांची संख्या लिहावी. संख्या अचानक वाढली, तर त्या तारखेवर खूण करावी आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी चौकट घेऊन खाचरात जावे.

तीन : एखादी अळी बरणीत, तोंडाला फडके बांधून, भाताची किंवा गवताची ताजी पाने घालून वाढवावी. बुडाशी दोन-तीन बोटे ओलसर माती असावी, म्हणजे ती मातीत शिरून कोष करील. पतंग बाहेर आला, की अळी व पतंग यांचे नाते डोळ्यांनी सिद्ध होते. पतंगाऐवजी लहान गांधीलमाशा बाहेर आल्या, तर तोही धडा मोलाचा समजावा.

चार : गावातील वडीलधाऱ्यांना विचारावे की लष्करी अळी म्हणताना त्यांच्या मनात आवणातील अळी असते की लोंब्यांवरची, आणि त्यांच्या लहानपणी तिला कोणते नाव होते. ही नावे लिहून ठेवावीत. ती नावे ज्यांनी ठेवली, त्यांनी या जीवांकडे बारकाईने पाहिले होते.

या वह्या दिवाळीनंतर विद्यालयात आणून द्याव्यात. दहा गावांच्या नोंदी एकत्र ठेवल्या, तर पतंग आधी कोणत्या खोऱ्यात उतरतो, भातसेच्या बाजूला की काळूच्या, हे आपलीच मुले आपल्याला सांगू शकतील. पुढील वर्षीच्या भातासाठी ती माहिती कणगीइतकीच कामाची ठरेल.